लेकराकडं कोण बघणार?

हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडं द्या. आज बोलायचं आहे घरातल्या सगळ्यात लहान माणसाबद्दल, म्हणजे पोटात असल्यापासून अंगणवाडी संपेपर्यंतच्या लेकराबद्दल. सासूबाई, मामंजी, घरधनी जवळपास असतील तर त्यांनाही बोलावून घ्या. हा विषय एकट्या आईचा नाही, आणि आजच्या बोलण्यात मुख्य सांगायचं आहे ते हेच.

आपल्याकडं म्हणतात, "लेकराचं काय, खाईल-पिईल, आपोआप वाढंल." अंग वाढतं हे खरं. पण बोलणं, समजणं, धीर धरणं, माणसांत मिसळणं, शिकायची गोडी लागणं हे आपोआप होत नाही. कुणीतरी मोठं माणूस रोज लेकराशी बोलतं, खेळतं, त्याच्या रडण्याला ओ देतं, त्यातून ते घडतं. ते माणूस कोण आणि त्याला त्यासाठी वेळ कधी, हे ज्या घरात ठरलेलं असतं तिथं लेकराचं पाऊल पुढं पडतं. जिथं ते ठरलेलंच नसतं, तिथं प्रेम असूनही लेकरू मागं राहू शकतं.

डोळ्यात तयार होणारा घड

जत तालुक्यात द्राक्षबाग ज्यांची आहे, किंवा ज्या बागेत मजुरीला जातात, त्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्यानंतर वेलीवर नुसती काडी आणि पानं दिसतात, घड कुठंच दिसत नाही. पण पुढच्या हंगामात जो घड लागायचा, तो त्याच दिवसांत काडीच्या डोळ्यात तयार होत असतो. त्या काळात बागेची आबाळ झाली तर ऑक्टोबर छाटणीनंतर कितीही औषधं मारा, डोळ्यात जो घड धरलाच नाही तो बाहेर यायचा नाही.

लेकराची पहिली वर्षं तशीच असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे नुसतं दूध पितं, झोपतं, रडतं. आत मात्र मोठं काम चालू असतं. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षातच मेंदूचा आकार साधारण दुप्पट होतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जोडल्या जात असतात, आणि या सुरुवातीच्या काळात दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या तयार होतात असं शास्त्रज्ञ सांगतात. पुढं मेंदूही छाटणी करतो. ज्या जोडण्या रोज वापरात येतात त्या पक्क्या होतात, ज्या वापरल्याच जात नाहीत त्या कमी होतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटलं आहे की मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. म्हणजे लेकरू पहिलीच्या वर्गात बसतं तेव्हा पाया बराचसा भरून झालेला असतो.

आता कुणी म्हणेल, माझं पोरगं तर आठ वर्षांचं झालं, मग सगळं संपलं का? नाही. लेकरू म्हणजे वेल नव्हे. ते पुढंही शिकतं, सुधारतं. मात्र जे सुरुवातीला सहज येतं, त्यालाच नंतर जास्त कष्ट पडतात. म्हणून सुरुवातीची वर्षं वाया घालवू नयेत.

बोलणं म्हणजे देणं-घेणं

या जोडण्या वापरात आणायला महागडी खेळणी लागत नाहीत. दोन महिन्यांचं बाळ तुमच्याकडं बघून हसतं, तुम्ही हसता. ते "आऽ" करतं, तुम्ही "काय गं बाई, काय म्हणतेस?" म्हणता. ते पुन्हा "आऽ" करतं. हे देणं-घेणं म्हणजेच त्याची पहिली शाळा. आपण आवाज दिला की समोरून उत्तर येतं, हे त्याला इथं कळतं. बोलण्याची, विश्वासाची, लक्ष देण्याची सुरुवात इथून होते.

"एवढा वेळ कुणाला आहे?" असं तुम्ही म्हणाल. पाणी आणायचं, शेरडं-म्हशी बघायच्या, भाकऱ्या थापायच्या, परत रानात जायचं. पण यासाठी काम सोडावं लागत नाही, कामात लेकराला घ्यावं लागतं. भाकरी करताना पिठाचा छोटा गोळा त्याच्या हातात द्या. धान्य निवडताना "ही ज्वारी, हा खडा" म्हणा. कपडे वाळत घालताना "हा बाबाचा सदरा मोठा, ही तुझी चड्डी बारकी" म्हणा. यात मोठं-लहान, रंग, आकार, मोजणं सगळं येतं. आपल्या आज्ज्या तेल लावताना गाणं म्हणायच्या, मांडीवर घेऊन डोलवायच्या, बोटं मोजायच्या. ती सगळी चांगली शिकवण होती, ती सोडू नका. फक्त कानात-नाकात तेल घालणं तेवढं सोडा.

अशा साध्या खेळानं खरंच फरक पडतो का, याची परीक्षा झालेली आहे. जमैका नावाचा एक देश आहे, वेस्ट इंडीजच्या क्रिकेटमुळं घरातल्या पोरांना तो ठाऊक असेल. तिथं 1980 च्या दशकात किंगस्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत उंची खुंटलेली 129 लहान मुलं निवडली. त्यातल्या काही मुलांच्या घरी दोन वर्षं आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जायची. ती घरी बनवलेली खेळणी घेऊन आईला दाखवायची, बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं. बाकी काही नाही. वीस वर्षांनी तीच मुलं शोधून काढली तेव्हा खेळाचा हा लाभ मिळालेल्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. ती सेविका काही दिवसभर त्या घरात नव्हती. ती गेल्यावर आई रोज जे करू लागली, त्याचं ते फळ होतं.

कन्नड की मराठी?

आपल्या तालुक्याच्या पूर्वेकडच्या कितीतरी गावांत घरी कन्नड आणि बाजारात मराठी असं चालतं. सून एका भाषेच्या घरातली आणि सासर दुसऱ्या भाषेचं, हेही नेहमीचंच. मग आयांना धास्ती वाटते की दोन भाषा कानावर पडल्या तर लेकरू गोंधळेल, उशिरा बोलेल. ही धास्ती सोडा. लहान मूल दोन भाषा सहज उचलतं. सुरुवातीला एका वाक्यात दोन्हीचे शब्द मिसळेल, तेही नेहमीचंच आहे. ज्या भाषेत तुमच्या तोंडून माया, गाणी, गोष्टी आपसूक येतात, त्या भाषेत भरपूर बोला. आज्जी कन्नड बोलते तर तिला बोलू द्या. शाळेत पुढं अडेल म्हणून मोडक्या-तोडक्या तिसऱ्याच भाषेत दोन शब्द बोलण्यापेक्षा आपल्या भाषेत दोनशे शब्द बोललेले केव्हाही चांगले.

घासाबरोबर लक्ष

खाण्याचं आपण नेहमी ऐकतो, म्हणून थोडक्यात. बाळ जन्मल्यावर तासाभरात छातीला लावायचं. पहिलं पिवळसर चिकाचं दूध टाकायचं नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नको, गुटी नको. मध तर वर्षाच्या आत चाटवूसुद्धा नये, त्यातून लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिने पुरे झाले की उष्टावण करा आणि आईचं दूध दोन वर्षं आणि पुढंही चालू ठेवा.

उष्टावणानंतर चूक होते ती अशी, की आपण डाळीचं वरचं पाणी पाजतो. त्यानं इवलंसं पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. पळीतून लगेच ओघळणार नाही असं घट्ट, मऊ करून द्या: कुस्करलेला वरण-भात, दुधात भिजवलेली ज्वारीची भाकरी, उकडून कुस्करलेली भाजी, अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट घातलेली पेज. वर तेल किंवा तूप. आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, त्यानंतर तीन-चार वेळा आणि मधे काहीतरी. अख्खा शेंगदाणा, अख्खं द्राक्ष, बेदाणा मात्र बारक्या पोरांच्या हातात देऊ नका, घशात अडकतो.

आणि भरवताना त्याच्याकडं बघा. तोंड उघडलं की घास द्या, मान फिरवली की थांबा. मोबाइल समोर धरून घास कोंबला तर पोट भरतं, पण भूक आणि तृप्ती त्याची त्याला कळत नाही. मोबाइलशी बोललं तर मोबाइल उत्तरही देत नाही, म्हणजे मघाशी सांगितलेलं देणं-घेणं तिथं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं आहे की पहिल्या वर्षात पडदा अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, आणि त्यातही जितका कमी तितका बरा.

जेवणाइतकीच महत्त्वाची आहे घरातली शांतता. दारू पिऊन आरडाओरडा, मारहाण, शिव्या हे लेकराला समजत नाही असं मानू नका. रोजच्या भीतीनं त्याचं अंग सतत धास्तावलेलं राहतं. झोप बिघडते, खाणं बिघडतं, शिकण्याकडं लक्ष राहत नाही. अशा घरातही एखादं माणूस, आई असो, आज्जी असो, काका असो, लेकराला कुशीत घेऊन "मी आहे" म्हणणारं असेल तर त्याचा मोठा आधार होतो.

हजार दिवस आणि ऊसतोडीचा हंगाम

आता आपल्या तालुक्याच्या अवघड प्रश्नाकडं येऊ. डॉक्टर पहिल्या हजार दिवसांबद्दल सांगतात. पोटातले 270, पहिल्या वर्षाचे 365, दुसऱ्या वर्षाचे 365, मिळून 1000. आपल्याकडं पाऊस कमी, म्हणून कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे निघायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचं. बोटावर मोजा: या हजार दिवसांत निदान दोन हंगाम तर पुरे येतातच. लेकराचा पाया भरायचा काळ आणि आपला घराबाहेर राहायचा काळ एकच पडतो.

तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. आई गेली नाही तर कोयता निम्मा होतो. लेकरू बरोबर नेलं तर ते फडाच्या बांधावर, थंडीत, धुळीत राहतं. मागं ठेवलं तर आज्जीकडं, आणि आज्जीला स्वतःच्या गुडघ्यांचं, जनावरांचं, पाण्याचं पडलेलं असतं. नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर. तिची शाळा जाते आणि धाकट्याला मोठ्या माणसाचं लक्ष मिळत नाही. एकाच वेळी दोन लेकरांचं नुकसान होतं.

ही अडचण नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी इथं, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केलं. शाळा काढली तरी मुलं येईनात. चौकशी केली तेव्हा दिसलं की आई-बाप कामावर, आणि मोठी मुलं धाकट्या भावंडांना सांभाळतात. तेव्हा या बायांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. पुढं 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात भरवली. थोरली बहीण वर्गात, धाकटा भाऊ शेजारी पाळण्यात. खेळणी म्हणून बिया, खडे, पानं, शिंपले. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारनं एकात्मिक बाल विकास योजना 33 ठिकाणी सुरू केली. आपल्या गावातली अंगणवाडी त्याच योजनेतली.

त्या दोघींनी जे ओळखलं ते आजही खरं आहे. लेकराकडं लक्ष देणं हे काम आहे. ते कुणाच्या तरी नावावर टाकावं लागतं आणि त्यासाठी जागा व वेळ काढावा लागतो. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यातही हेच धरलं होतं. कामावर बायकांबरोबर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यातल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची, अशी तरतूद केली होती. कायद्यानं त्याला काम मानलं, मग घरानं का मानू नये?

उचल घेण्याआधी बसा

म्हणून सांगणं असं, की मुकादमाकडून उचल घ्यायच्या आधी घरातली सगळी माणसं बसा. किती रक्कम, कोणता कारखाना, बैल की ट्रॅक्टर, एवढं सगळं आपण ठरवतो. त्यातच विचारा: या पाच महिन्यांत लेकराकडं कोण बघणार? नाव घेऊन ठरवा.

लेकरू मागं राहणार असेल तर आज्जीच्या डोक्यावरचं दुसरं एखादं काम कमी करा. पाणी कोण आणून देईल, शेरडं कोण बघेल, ते ठरवा. अंगणवाडीत रोज कोण सोडणार तेही ठरवा. फोनवर नुसतं "जेवलं का?" विचारू नका. लेकराशी बोला, त्याला आवाज ऐकू द्या. परत कधी येणार ते त्याला कळेल असं सांगा. "तू झोपल्यावर आम्ही जातो" असं करून चोरून निघू नका. रडलं तरी सांगून निघा, म्हणजे त्याचा विश्वास टिकतो.

लेकरू बरोबर नेणार असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर घ्या, लसीच्या तारखा त्यात असतात. निघायच्या आधी अंगणवाडीताईंना सांगा. तिथल्या गावातल्या अंगणवाडीतही आहार, वजन, लस मिळू शकते. पाच-सहा कोयते एका ठिकाणी उतरणार असतील तर एक बाई आळीपाळीनं किंवा कायमची खोपीवर थांबेल आणि बाकीच्या तिची मजुरी भरून देतील, असं आपसांत ठरवता येतं. मुकादमाशी हे आधीच बोलून ठेवा, फडात गेल्यावर ऐकायला कुणाला वेळ नसतो.

तोडीला न जाणाऱ्या घरांनाही हेच लागू आहे. बागेच्या कामाला, बेदाण्याच्या शेडवर, मेंढरांमागं जाताना लेकरू कुठं असतं? शेततळ्याच्या कागदावर पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. तळ्याला कुंपण घाला. औषधाचे डबे कुलपात ठेवा.

आणि बाप्यांनो, तुमच्यासाठी एक काम. संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास लेकरू तुमच्याकडं. खांद्यावर घ्या, गोठ्यात न्या, "ही गाय, हे वासरू" दाखवा, दिवसभरात काय झालं ते सांगा. त्याला सगळं समजलं नाही तरी चालेल. बापानं लेकराशी बोलल्यानं बापाचा मान कमी होत नाही, आणि तेवढ्या वेळात चुलीपुढच्या बाईचे दोन हात मोकळे होतात.

कधी दाखवायचं?

प्रत्येक लेकराची चाल वेगळी, त्यामुळं शेजारच्या पोराशी तुलना नको. तरी काही खुणा लक्षात ठेवा. तीन महिन्यांचं झालं तरी तोंडाकडं बघून हसत नाही, नऊ महिन्यांचं आधाराशिवाय बसत नाही किंवा हाकेला वळत नाही, दीड वर्षाचं चालत नाही, दोन वर्षांचं दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा आधी येत होतं ते विसरायला लागलं, तर "बाप पण उशिराच बोलला होता" म्हणून थांबू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. ऐकू कमी येणं, दृष्टीचा दोष, रक्त कमी असणं हे लवकर कळलं तर उपाय होतो.

मैत्रिणींनो, पुढच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की हा विषय काढा. गटातल्या कुणाकुणाच्या घरी तीन वर्षांच्या आतलं लेकरू आहे, त्यातल्या कोण हंगामाला जाणार आणि कोण गावात राहणार, याची यादी करा. गावात राहणाऱ्या बाईनं मागं राहिलेल्या लेकरांच्या घरी आठवड्यातून एकदा जाऊन तासभर त्यांच्याशी खेळायचं, एवढं जरी गटानं ठरवलं तरी पुष्कळ झालं. जमैकातल्या सेविकाही आठवड्याला एकच तास जायच्या.

चला, आता कामाला लागा. आणि लेकरू जवळ असेल तर आधी त्याला हाक मारा.